गप्प बसायला शिकलेली पिपाणी

पॉलिशकाकांना नाक होतं, चांगलं धारदार होतं, पण ते फक्त चष्मा ठेवण्यापुरतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खुर्च्या, टेबलं आणि कपाटं घासूनपुसून चकाचक करण्यात घालवली होती, आणि स्पिरिट-थिनरच्या वाफांनी त्यांचे वास एकेक करून पळवून नेले होते. आधी फुलांचे गेले. त्याचं काकांना काही वाटलं नाही, फुलं हुंगत बसायला वेळ कुणाला होता? मग जेवणाचे गेले. एक दिवस शेगडीवर दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, आणि काका दोन हातांच्या अंतरावर बसून निवांत पेपर वाचत होते. बायको आतून धावत आली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "अहो, नाक काय गहाण टाकलंय का?" काकांनी छातीभर श्वास घेतला. खोली धुरानं भरली होती आणि त्यांना कसलाही वास आला नाही.

बायको होती तोवर तिचं एक नाक दोघांना पुरलं. दही आंबलंय का, सदरा धुवायला टाकायचा का, पावसाळ्यात कपाटात बुरशी धरलीय का, सगळं तीच सांगायची. ती गेली आणि घर मुकं झाल्यासारखं झालं. काही महिन्यांनी लेक आपल्या पोरीला घेऊन राहायला आली. जावई जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. शाळा सुटली की नात आजोबांच्या ताब्यात. नातीला सगळे टिकली म्हणायचे, कारण ती एकदा कुणाला चिकटली की निघता निघत नसे.

घर म्हणजे खाली काकांचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. मधे लाकडी जिना, जिन्याखाली कपाट. मागच्या बाजूला गॅलरी, आणि शेजारच्या घराची गॅलरी तिला लागूनच, मधे कमरेएवढी भिंत. लेकीनं पहिल्याच आठवड्यात घराकडे एक नजर टाकली. खाली स्पिरिटचे डबे, वर गॅस, आणि दिवसभर घरात कोण, तर वास न येणारा म्हातारा आणि एवढीशी पोर.

"बाबा, गॅसचं बटण उघडं राहिलं तर तुम्हाला कळणार कसं?"

"इतकी वर्षं कळलंच की."

"आईला कळलं. तुम्हाला नाही."

उत्तर लेकीनं आणलं, एका खोक्यात घालून. लांब कानांचं, तपकिरी-पांढरं, बुटकं पिल्लू. बीगल. ह्या जातीची कुत्री शिकारीमागे वास काढत धावायची. डोळ्यांनी जग बघायचं ते आपण, ही सगळं नाकानं वाचतात. "ही राहील तुमचं नाक," लेक म्हणाली. काका म्हणाले, नाकापेक्षा मोती जड व्हायचा बघ.

आणि झालाच तो जड. बीगल पाळणं म्हणजे घरात एक प्रेमळ चोर ठेवणं. जमिनीला नाक लावून ती दिवसभर हिंडायची, कान फरशी पुसत जायचे. वरच्या फळीवरचा ब्रेड तिनं कसा काढला ते कुणाला आजतागायत कळलेलं नाही. दार जरा उघडं राहिलं की रस्त्यावरून गेलेल्या कुणाच्या तरी मटणाच्या पिशवीचा माग काढत ती तीन गल्ल्या ओलांडून जायची, आणि हाका मारल्या की मागे वळूनसुद्धा बघायची नाही. ती बहिरी नव्हती. नाक चालू असलं की तिचे कान बंद व्हायचे, एवढंच. आणि काही सापडलं की मान वर करून असा लांबच लांब गळा काढायची की खिडकीच्या काचा थरथराव्यात. त्या आवाजावरून टिकलीनं तिचं नाव पिपाणी ठेवलं.

एका संध्याकाळी पिपाणीनं शेगडीसमोर उभं राहून तो गळा काढला आणि काही केल्या थांबेना. काका चिडून उठले, तिला ओढायला वाकले, आणि त्यांना दिसलं की बटण अर्धवट फिरलेलं आहे. ज्योत नाही. पलीकडच्या खोलीत टिकली गृहपाठ करत होती. काकांनी बटण बंद केलं. खिडक्या उघडून ते फरशीवरच बसले आणि त्यांनी त्या चोरटीला छातीशी धरलं. त्या दिवसापासून तिच्या नाकावर त्यांनी जीव टाकला. टिकलीनं त्याचाही खेळ केला. ती कुठेतरी लपायची, पिपाणी वास काढत यायची, आणि नाक लागेपर्यंत टिकलीनं हूं की चूं करायचं नाही, असा नियम काकांनीच घालून दिला. नाहीतर पोरगी खुसखुसून हसायची आणि पिपाणीला आयतं सापडायचं.

पण शेजारी शिकवणीच्या बाई राहायच्या. दुपारपासून त्यांच्याकडे मुलांची रीघ, आणि गणित ऐन रंगात आलं की भिंतीपलीकडून पिपाणी वाजायची. बाई वाईट नव्हत्या, आवाजानं कावलेल्या होत्या. त्या गॅलरीत येऊन म्हणायच्या, "काका, मी मुलांना शिकवू की तुमच्या कुत्रीला?" एकदा दोनदा काकांनी हसण्यावारी नेलं. मग बाईंनी लेकीला रस्त्यात गाठलं, आणि लेक घरी आली ती तोंड पाडून.

तेव्हा काकांनी मनावर घेतलं. कामात ते चिवट होते, लाकडावर पन्नास हात मारायचे असतील तर एकोणपन्नास मारून थांबणारे नव्हते. तीच चिकाटी त्यांनी कुत्रीवर लावली. सदऱ्याच्या खिशात बिस्किटं ठेवायची. तिला काही सापडलं की तोंड उघडायच्या आत "गप!" म्हणायचं. ती बसली, तोंडाकडे बघू लागली, की बिस्किट. ओरडली तर काही नाही. बीगल बिस्किटासाठी प्राणही विकेल, तिथे आवाजाची काय कथा! थोड्याच दिवसांत पिपाणी काहीही सापडलं तरी तिथे बूड टेकून बसायची आणि डोळे रोखून वाट बघायची. खेळातसुद्धा टिकली सापडली की तिच्यासमोर मुकाट बसायची. सगळी गल्ली काकांचं कौतुक करू लागली. शिकवणीच्या बाईंनी लाडू पाठवले. काकांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

तो गेला नव्हता. पिपाणी शहाणी होती, आणि शहाणं कुत्रं चोरापेक्षा बेरकी. बसलं की बिस्किट मिळतं हे कळल्यावर ती काही सापडो न सापडो, बसू लागली. बुटांच्या ढिगापाशी बसायची, रिकाम्या बादलीपाशी बसायची. सगळ्यात जास्त बसायची ती जिन्याखालच्या कपाटापाशी, कारण बिस्किटांचा डबा तिथेच असायचा. सुरुवातीला काका दरवेळी उठून बघायचे. मग "लबाड!" म्हणून जागेवरूनच बिस्किट फेकू लागले. जी खूण त्यांनी शिकवली ती त्यांनीच अशी स्वस्त करून टाकली.

आता चिंध्यांचं सांगायला हवं. काका काही कामांना जवसाचं तेल वापरायचे, ते चिंधीनं चोळायचं असतं. काम झालं की त्या चिंध्या ते एकेक सुटी करून गॅलरीच्या दोरीवर वाळत घालायचे. त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं, तेलाची चिंधी कधी गोळा करून ठेवायची नाही. का, ते उस्तादानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. धंद्यात असंच चालतं. मोठ्यांनी सांगितलं की करायचं. जवसाचं तेल वाळता वाळता आतून तापत जातं, आणि चिंध्या एकावर एक दाबलेल्या असल्या तर ती ऊब बाहेर पडू शकत नाही, हे काकांच्या हातांना ठाऊक होतं, तोंडाला नाही. म्हणून त्यांनी ते लेकीला कधी सांगितलंच नाही.

त्या दिवशी टिकलीला बारीक ताप होता, म्हणून ती शाळेत गेली नव्हती. काकांनी सकाळीच एका कपाटाला तेलाचा हात दिला, चिंध्या दोरीवर टाकल्या आणि अंघोळीला गेले. लेक कामावर निघतच होती, तेवढ्यात शिकवणीच्या बाई गॅलरीत आल्या.

"अगं, ह्या तेलकट चिंध्यांचा काय हा वास! पालक नाकं मुरडतात माझ्याकडे येताना."

लेकीला उशीर होत होता. आधीच त्या बाईंचं ऐकून घ्यायचा तिला कंटाळा आला होता. तिनं सगळ्या चिंध्या ओढल्या, एका पोत्यात कोंबकोंब कोंबल्या, पोत्याचं तोंड बांधलं आणि ते जिन्याखालच्या कपाटात ढकलून दार लावलं. घर तिला जरा नीटनेटकं वाटलं. टिकलीच्या कपाळावर हात ठेवून ती गेली.

दुपार कोरडी, कडक होती. टिकली औषध घेऊन वर झोपली होती. काका खाली एका जेवणाच्या टेबलावर लाखेचा शेवटचा हात देत होते. हा हात सुरू केला की अर्ध्यावर सोडता येत नाही. सोडला की जोड दिसतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. त्यांना चिंध्यांची आठवणही नव्हती. दोरी मागच्या बाजूला, अंघोळीनंतर ती त्यांनी पाहिलीच नव्हती.

पिपाणी जिन्याखालच्या कपाटापाशी जाऊन बसली.

"लबाड," काका मान न वळवता म्हणाले.

ती हलली नाही. डोळे त्यांच्या तोंडावर. मग उठली, दाराच्या फटीला नाक लावलं, झटक्यात मागे घेतलं, आणि परत बसली. काकांनी ते कोपऱ्यातून पाहिलं. कुठेतरी काहीतरी टोचलं, पण हात ओला होता आणि टेबलाचं अर्धं अंग बाकी होतं. त्यांनी डाव्या हातानं खिशातून बिस्किट काढून तिच्याकडे टाकलं आणि पुन्हा वाकले.

टेबलाची कड संपत आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चावल्याचा आवाज आलाच नाही. त्यांनी वळून पाहिलं. बिस्किट पडलं होतं तिथेच पडलं होतं, तिच्या पुढच्या पंजाजवळ. पिपाणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती थरथरत होती.

ही कुत्री आजारपणातही खायची, भरल्या पोटी खायची, साबण खायची. जिनं बिस्किट सोडलं तिला त्याहून मोठं काहीतरी दिसत होतं. त्यांनी हातातली चिंधी टाकली, धावत जाऊन कपाटाचं दार उघडलं, आणि हीच चूक झाली. आत कोंडून राहिलेल्या धगीला वारा मिळाला. भप्पकन ज्वाळा बाहेर आली, काकांच्या भुवया जाळून जिन्याच्या फळ्यांना जाऊन भिडली. त्यांच्याच हाताचं पॉलिश पिऊन पिऊन गुळगुळीत झालेला जिना. तो पेटायला कितीसा वेळ लागणार?

बाहेरचं दार त्यांच्या पाठीशी होतं. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते पेटत्या जिन्यावरून वर धावले आणि पिपाणी त्यांच्या पायांमधून त्यांच्याही पुढे.

"टिकलीऽऽ! कुठेस?"

पलंग रिकामा होता. पांघरूण अर्धवट खाली लोंबत होतं. धूर जिन्यावरून त्यांच्या मागोमाग चढत होता, जाडजूड, काळा. त्यांनी पलंगाखाली हात फिरवला. दारामागे पाहिलं. "टिकले, ओ दे गं!" कुणी ओ दिली नाही. तेव्हा त्यांना कळलं. पोर तापात दचकून उठली होती, घाबरली होती, आणि घाबरून लपली होती. आजोबा "टिकली, कुठेस" म्हणून हाका मारत होते, रोज खेळात मारतात तशाच. नियम काकांचाच होता, नाक लागेपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

आता डोळ्यांना काही दिसेना. पिपाणीनं तिला शोधलं असणार, ह्याची त्यांना खात्री होती. ती कुठल्यातरी कोपऱ्यात त्या पोरीसमोर बूड टेकून बसली असणार, धुरात त्यांचं तोंड शोधत, बिस्किटाची वाट बघत. मुकाट. त्यांनी शिकवलं होतं तशी.

"बोल गं!" काका ओरडले. "पिपाणी, बोल! भुंक!"

तिला तो शब्द माहीत नव्हता. तिला फक्त "गप" माहीत होता.

काका गुडघ्यांवर बसले, फरशीला तोंड लावून जो काही श्वास मिळाला तो घेतला, मान वर केली आणि कुत्र्यासारखा गळा काढला. म्हातारा, खरखरीत, फाटलेला आवाज. पहिल्यांदा खोकलाच आला. त्यांनी पुन्हा काढला, लांबच लांब, सगळा जीव त्यात ओतून. साऱ्या आयुष्यात हा माणूस कधी मोठ्यानं रडला नव्हता. बायको गेली तेव्हाही नाही.

आणि मागच्या खोलीतून उत्तर आलं. आधी घोगरं, चाचरत, मग मोकळं. पिपाणी वाजली. बीगलच्या रक्तातच ते असतं, एकानं गळा काढला की दुसऱ्यानं साथ द्यायची. ते काही बिस्किटानं पुसलं गेलं नव्हतं. काका ओरडत, ती ओरडत, आणि त्या आवाजाला धरून ते रांगत गेले. मागच्या खोलीत, मळक्या कपड्यांच्या टोपलीत, अंगावर चादरी ओढून टिकली बसली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्यांनी तिला उचलून गॅलरीचं दार ढकललं. भिंतीपलीकडे शिकवणीच्या बाई हातात पट्टी घेऊन उभ्या होत्या. इतक्या दिवसांनी पुन्हा ती पिपाणी वाजली, म्हणून त्या भांडायलाच बाहेर आल्या होत्या. त्यांनी काकांचं काजळलेलं तोंड पाहिलं, पट्टी खाली पडली आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. टिकली पलीकडे गेली, तिच्यामागून काका गेले. पिपाणी सगळ्यात शेवटी आली. काकांनी तिला मानेला धरून भिंतीवरून ओढलं तेव्हा ती अजून ओरडत होती आणि तिच्या नाकातून काळं पाणी गळत होतं.

बंब आला, खालचा कारखाना मात्र गेला. वरचं घर काळं झालं, पण उभं राहिलं. लेक दुकानातून धावत आली आणि पोरीला कवटाळून रस्त्यावरच बसली. चिंध्यांचं कळल्यावर ती काकांसमोर येऊन उभी राहिली. "मी तुला कधी सांगितलंच नाही गं," काका म्हणाले. "मग तुझं काय चुकलं?"

त्यानंतर पिपाणीचं नाव गल्लीभर झालं. आता तिला कुणी गप म्हणेना. ती कधीही गळा काढायची, कुकरच्या शिट्टीला, हॉर्नला, काहीच नसताना. आणि तिनं गळा काढला की घराघरांत बायका उठून गॅस तपासायच्या. शिकवणीच्या बाई मुलांना पेन्सिली खाली ठेवायला लावून आधी स्वयंपाकघरात जाऊन यायच्या. कुणीतरी लेकीला सुचवलं, गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवून घ्या. लेक हसली. "यंत्र कशाला? पिपाणी आहे की."

काकांना मात्र चैन नव्हतं. डॉक्टरांच्या औषधानं पिपाणीचा खोकला थांबला होता. पण परवा तिच्यापुढे बिस्किट टाकलं तर ती त्याच्या बाजूनं निघून गेली. काकांनी बोटानं दाखवलं तेव्हा तिनं खाल्लं. त्यांनी स्वतःला समजावलं, म्हातारी होत चालली असेल. ती काही म्हातारी नव्हती.

मग एका संध्याकाळी टिकली लपली, वरच्या खोलीतल्या कपाटात. आग लागल्यापासून काकांनी हा खेळ दुरूनच पाहिला होता. पिपाणी खोलीभर फिरली. कपाटासमोरून गेली. परत आली, पुन्हा कपाटासमोरून गेली. दार किलकिलं होतं, आत पोर बसली होती, तिच्या अंगाचा वास पिपाणीच्या रोजच्या ओळखीचा, आणि कुत्री दोनदा तिच्या नाकासमोरून निघून गेली.

तेवढ्यात कपाटातून बारीक आवाज आला. "ऊऽऽऽ." पिपाणीनं कान टवकारले, गळा काढून उत्तर दिलं आणि धावत जाऊन टिकलीच्या अंगावर पडली.

टिकली बाहेर आली आणि आजोबांना पाहून थबकली. "तिला वासावरून सापडत नाही आता," ती हळू आवाजात म्हणाली. "आग लागली तेव्हापासूनच. म्हणून मीच ओरडते. आईला नका सांगू, ती घाबरेल."

खालून लेकीच्या चपला वाजल्या. ती वर आली, पिशवी ठेवली आणि वाकून पिपाणीचे कान कुरवाळले. "आमची राखणदार! हिच्या जिवावर तर मी दुकानात निर्धास्त असते."

टिकलीनं ओठांवर बोट ठेवून आजोबांकडे पाहिलं. गप. ती खूण त्यांनीच तर ह्या घराला शिकवली होती.

"हिला वास येत नाही," काका म्हणाले. "धुरानं गेला. आता ती माझ्यासारखीच आहे."

लेक उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसचं प्रत्येक बटण हातानं चाचपून आली. काका तिच्यामागे गेले नाहीत. ते जिन्यावरून वाकून टिकलीकडे बघत होते.

ती जिन्याखाली उतरली होती. आगीनंतर नवीन बांधलेल्या तिथल्या कपाटासमोर गुडघे टेकून तिनं दाराच्या फटीला नाक लावलं होतं आणि डोळे मिटून, छाती भरभरून ती हुंगत होती. पिपाणी तिच्या शेजारी बूड टेकून बसली होती, आणि तिच्या तोंडाकडे बघत होती.